सर पुढच्या वर्षी आहेत ना?

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि विश्वस्त मंडळी,
अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालये चालवणाऱ्या सर्व शिक्षणसंस्था



कॉलेजचा संघ विद्यापीठाची आंतरविभागीय स्पर्धा जिंकून आला की सत्कार होतो. आपण व्यासपीठावर असता. प्रास्ताविक संस्थेच्या संस्थापकांपासून सुरू होतं, शाली-नारळ होतात, खेळाडूंना ट्रॅकसूट मिळतात आणि आपल्यापैकी कोणीतरी 'संस्था खेळाडूंच्या पाठीशी खंबीरपणे उभी आहे' असं सांगतं. टाळ्या पडतात. मागच्या खुर्च्यांवर पालक आणि जुने खेळाडू बसलेले असतात, तिथे त्या वेळी वेगळीच कुजबुज चाललेली असते. सर पुढच्या वर्षी आहेत ना?

ही कुजबुज व्यासपीठापर्यंत पोचत नाही, म्हणून हे पत्र. ते कुठल्या एका संस्थेला उद्देशून नाही. ज्यांना लागू पडेल त्यांनी आपलं समजावं. ज्यांना लागू पडत नाही त्यांचं मनापासून अभिनंदन.

'सर' म्हणजे कागदावर शारीरिक शिक्षण संचालक, किंवा नुसतेच जिमखान्याचे सर. नगर शहरात लष्कराच्या छावणीमुळे फुटबॉलही आहे, पण तालुक्यांत जीव आहे तो कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि कुस्तीत. सर पहाटे मैदानावर असतात. संघ निवडणं आणि शिकवणं हे त्यांच्या कामाचं अर्धं अंग झालं. उरलेल्या अर्ध्यात एसटीचा पास, स्पर्धेची प्रवेशिका, पात्रतेचे अर्ज, गुडघ्याला मार लागलेल्या पोराला दवाखान्यात नेणं, आणि 'मुलगी बाहेरगावी मुक्कामाला जाणार नाही' म्हणणाऱ्या वडिलांच्या ओसरीवर बसून त्यांना राजी करणं. हे शेवटचं काम कुठल्याच अभ्यासक्रमात नाही आणि मुलींचा संघ बनतो तो त्यावरच.

आपल्यापैकी काहींना वाटेल, खेळ आहे, होईल पुढेमागे. म्हणून थोडा हिशोब मांडतो. आपली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. आधी नगर विभागात जिंकायचं, मग आंतरविभागीयमध्ये पुणे शहर, पुणे जिल्हा आणि नाशिकशी खेळायचं, त्यातून विद्यापीठाचा संघ, पुढे राज्यातल्या विद्यापीठांची अश्वमेध स्पर्धा, देशपातळीवरची आंतरविद्यापीठ, जमलं तर खेलो इंडिया. राज्य-राष्ट्रीय पातळीचं योग्य ते प्रमाणपत्र हाती आलं तर सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. जिरायत शेती असलेल्या घरातल्या पोरासाठी ही वाट हौसेची नाही, पोटाची आहे. ती तीन वर्षांची असते. पहिल्या वर्षी अंग तयार होतं, दुसऱ्या वर्षी खेळ कळतो, तिसऱ्या वर्षी निवड होते. सर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी गेले तर त्या पोराचं तिसरं वर्ष परत कोणी देत नाही. मागच्या खुर्चीवरचा बाप प्रश्न विचारतो तो यासाठी.

असाच प्रश्न आपल्यापासून फार लांब, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावात २०२५च्या नोव्हेंबरमध्ये सगळं गाव विचारत होतं. तिथल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ (त्यांचा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात धरून पळण्याचा खेळ, नाव फुटबॉल का, ते त्यांनाच ठाऊक) कधी नव्हे एवढा जिंकत होता, राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीच्या दारात होता, आणि मुख्य प्रशिक्षक लेन किफिन शेजारच्या लुइझियाना राज्याच्या विद्यापीठात जाणार अशी हवा होती. ३० नोव्हेंबरला तो गेलाच. सात वर्षांचा करार, वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर, म्हणजे शंभर कोटी रुपयांहून अधिक. जाणाऱ्याने बाद फेरीपुरतं तरी संघाबरोबर राहू द्या म्हटलं, विद्यापीठाने नाही म्हटलं. बचावाची बाजू सांभाळणारा पीट गोल्डिंग तिथेच होता, त्याला मुख्य प्रशिक्षक केलं, आणि संघाने बाद फेरीतही सामने जिंकले.

हे वाचून हसू येतं, कारण आपल्याकडे शंभर कोटींचं तर सोडाच, पण सरांना पळवून नेणाराही कोणी नसतो. आपले सर का जातात ते आपल्याला माहीत आहे. कोणी तासिका तत्त्वावर असतो, कोणी कंत्राटी, कोणी संस्थेच्या मानधनावर. पदाला मान्यता नसते, मान्यता असली तर भरती बंद असते, भरती सुरू असली तर प्रस्ताव कुठल्यातरी टेबलावर असतो. जो कायम आहे त्याची संस्थेच्याच दुसऱ्या तालुक्यातल्या शाखेत बदली होते, आणि त्या आदेशात संघ नावाच्या गोष्टीचा उल्लेखही नसतो. ऑक्सफर्डकरांचा माणूस दुसऱ्याने ओढून नेला. आपला माणूस आपण सोडून देतो. दुःख दोन्हीकडे सारखं असेल, पण आपल्या दुःखावर उपाय आपल्याच हातात आहे, आणि तो शंभर कोटींचा नाही.

सरकारी भरती तुमच्या हातात नाही, हे मान्य. त्याबद्दल तुम्हाला दोष देत नाही. पण तेवढ्याने विषय संपत नाही, आणि का ते सांगायला मला चंद्रकांत पंडितांची गोष्ट सांगावी लागेल. आपल्या महाराष्ट्रात यशस्वी प्रशिक्षक गमावण्याची इतकी स्वच्छ गोष्ट दुसरी नाही.

पंडित मुंबईचे यष्टिरक्षक, पाच कसोटी खेळलेले. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ असे तीन रणजी करंडक जिंकून दिले. शिस्त अशी की खेळाडू घाबरत. जानेवारी २०१७मध्ये इंदूरच्या अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली. आदल्याच वर्षीचा विजेता, त्या वर्षीचा उपविजेता. मुंबईने पुढच्या मोसमासाठी प्रशिक्षक बदलला. अंतिम फेरीतला एक पराभव, एवढंच कारण पुरलं, किंवा आतली आणखीही काही असतील. बाहेरून दिसलं ते इतकंच.

विदर्भाने त्यांना घेतलं. तोवर विदर्भ रणजीच्या अंतिम फेरीत कधी पोचलाही नव्हता. फैज फजल कर्णधार, रजनीश गुरबानी नावाचा इंजिनिअर झालेला वेगवान गोलंदाज, आणि चाळिशीला आलेला वसीम जाफर. १ जानेवारी २०१८ला इंदूरलाच विदर्भाने दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक उचलला. गुरबानीने अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून दुसरा. दोन्ही वर्षी इराणी करंडकही. कालपर्यंत ज्या संघाविरुद्ध सामना पडला की मोठ्या संघांचे फलंदाज सरासरी सुधारून घेत, तो संघ सलग दोनदा भारताचा विजेता.

आणि मग २०२०मध्ये पंडित मध्य प्रदेशकडे गेले.

नागपूरच्या क्रिकेटवेड्यांना तेव्हा काय वाटलं असेल, ते सत्काराच्या मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या कोणालाही विचारा. हा माणूस गेला, आता पुन्हा आपण होतो तिथेच. भीती रास्तच होती. तिकडे मध्य प्रदेशने २६ जून २०२२ला बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी जिंकला, त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा. त्याच मैदानावर १९९८-९९चा अंतिम सामना पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून हरले होते. ते मैदानावर रडले. हरवलं कोणाला? मुंबईला. पाच वर्षांपूर्वी सोडलेला माणूस समोरच्या ड्रेसिंग रूममधून आला. मुंबईला पुढचा रणजी करंडक मार्च २०२४मध्ये मिळाला, २०१५-१६नंतर आठ वर्षांनी, मधल्या काळात प्रशिक्षक एकामागून एक बदलत राहिले.

गोष्ट इथे थांबली असती तर मी एवढंच लिहिलं असतं की चांगला प्रशिक्षक सोडू नका. पण विदर्भाचं पुढे काय झालं ते पाहा. पंडित गेल्यावर काही मोसम सुने गेले. मग उस्मान गनी, विदर्भाकडूनच खेळलेला, तिथल्याच मातीतला माणूस, मुख्य प्रशिक्षक असताना संघ २०२३-२४ला अंतिम फेरीत पोचला आणि मुंबईकडून हरला. पुढच्याच वर्षी उपांत्य फेरीत त्याच मुंबईला हरवून, अंतिम सामन्यात केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर, मार्च २०२५मध्ये विदर्भाने तिसरा रणजी करंडक घेतला. यश राठोडने मोसमात ९६० धावा केल्या, हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, आणि हा एका रणजी मोसमातला विक्रम आहे. अक्षय वाडकर कर्णधार. पंडितांचा एकही विद्यार्थी नसलेला हा संघ नव्हता. पण पंडित नव्हते.

म्हणजे काय झालं? पंडित आले तेव्हा विदर्भ क्रिकेट संघटनेकडे मैदान होतं, अकादमी होती, वयोगटातले संघ होते, आणि तिथले जुने खेळाडू प्रशिक्षणाच्या कामात होते. पंडितांनी त्यात जिंकण्याची भूक आणि शिस्त ओतली. गेले तेव्हा ती शिस्त ठेवायला भांडं होतं. आपल्या कॉलेजांत सर येतात तेव्हा भांडंही तेच आणतात, आणि जाताना घेऊन जातात. कधीकधी शब्दशः घेऊन जातात: सर ज्या कॉलेजात रुजू होतात, तिथे संघातली निम्मी पोरं दाखला काढून दाखल होतात. मग आपण रागावतो, सरांना कृतघ्न ठरवतो. पण पोरांना कॉलेजपेक्षा सर जवळचे का वाटले, याचा विचार कोणत्या बैठकीत झाला?

गोव्याचं उदाहरण फुटबॉलचं आहे आणि दोन्ही बाजूंचं आहे, म्हणून तेही सांगतो. ३१ जानेवारी २०२०ला एफसी गोवाने प्रशिक्षक सर्जिओ लोबेराला काढलं, संघ इंडियन सुपर लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर असताना. चाहते हतबुद्ध झाले. क्लबचाच क्लिफर्ड मिरांडा, गोव्याचा जुना खेळाडू, उरलेल्या सामन्यांना उभा राहिला, आणि तीनच आठवड्यांत जमशेदपूरला ५-० हरवून संघाने लीग शील्ड जिंकली. एशियन चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. पण डिसेंबर २०२१मध्ये तेव्हाचा प्रशिक्षक हुआन फेरांडो मोसमाच्या मध्यावर मोहन बागानला निघून गेला, तेव्हाही जबाबदारी घरच्याच माणसाकडे, डेरिक परेराकडे दिली. अनुभवी माणूस, भारतीय फुटबॉलमध्ये मोठं नाव. तरी संघ नवव्या क्रमांकावर घसरला. घरचा माणूस पुढे केला की सगळं आपोआप निभतं असं समजणाऱ्यांनी हे दुसरं वर्षही लक्षात ठेवावं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. आपण भाषणांत झहीर खान श्रीरामपूरचा आणि अजिंक्य रहाणे आश्वी खुर्दचा असं अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण झहीर घडला तो मुंबईत, सुधीर नाईकांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये, आणि त्यासाठी त्याला श्रीरामपूर सोडावं लागलं. रहाणे डोंबिवलीत वाढला आणि प्रवीण आमरेंच्या हाताखाली तयार झाला. जिल्ह्याने रक्त दिलं, घडवणूक दुसऱ्यांनी केली. आपल्याकडे गुणी पोरं नाहीत, ही तक्रार या दोन नावांनी कायमची मोडीत काढली आहे. त्या पोरांना इथे थांबवण्यासाठी इथे थांबणारा सर लागतो.

२ फेब्रुवारी २०२५ला वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली, पृथ्वीराज मोहोळ जिंकला. केवढी गर्दी होती, आणि पंचांच्या निर्णयावरून केवढा गोंधळ झाला, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. दोन-चार दिवसांच्या आखाड्यासाठी आपला जिल्हा काय उभं करू शकतो, हेही पाहिलं. मांडव घालता येतो हे सिद्ध झालं आहे. वर्षभर पहाटे मैदान झाडून घेणाऱ्या माणसाच्या पगाराचं मात्र कोणी बोललं नाही.

आणि एक माणूस याच जिल्ह्यात असा आहे जो क्रिकेट खेळायचा, एम.कॉम. झाला, आणि गावी आला तो गावाचाच होऊन राहिला. हिवरे बाजारचे पोपटराव पवार. १९८९मध्ये गावच्या तरुणांनी त्यांना सरपंच केलं, पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, २०२०ची पद्मश्रीही. दर सत्कारात 'पोपटरावांसारखे नेतृत्व' म्हणतात. मला त्यांच्या नेतृत्वापेक्षा गावातला एक कागद मोलाचा वाटतो. दर वर्षी पाऊस किती पडला, पिण्याला किती लागेल, गुरांना किती, शेतीला किती उरतं, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावरून ठरतं. कमी पावसाच्या टापूतलं गाव त्यावर चालतं. पोपटरावांना जे कळतं ते त्यांच्या एकट्याच्या डोक्यात राहिलेलं नाही, ते दर वर्षी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जातं. 'त्यांच्यानंतर काय' हा प्रश्न हिवरे बाजारलाही पडेलच, पण उत्तर शोधायला त्यांच्याकडे निदान वह्या असतील.

आपल्या जिमखान्यात अशी वही आहे का, एकदा उघडून पाहा. चषकांची यादी असेल. कोणत्या वर्षी कोणी आंतरविभागीय खेळलं, त्याचा फलकही असेल. पण कोणत्या गावच्या शाळेतून चढाई करणारी पोरं येतात, कोणाचा खांदा जुना दुखावलेला आहे, कोणत्या मुलीच्या घरी आधी आजीशी बोलावं लागतं, गेल्या मोसमात नाशिकच्या संघाने आपल्याला कोणत्या डावाने अडकवलं, हे सगळं सरांच्या डोक्यात असतं आणि सरांबरोबर बदलीच्या गाडीत बसून निघून जातं.

माझं मागणं सरांना बांधून ठेवा असं नाही. माणसाला चांगली संधी मिळाली तर त्याने जावं. जाणाऱ्याला संस्थाद्रोही ठरवणं हे तर अगदीच हलकं. पंडित गेले म्हणून विदर्भाने त्यांच्या नावाने खडे फोडत बसण्यात वेळ घालवला नाही. मागणं आहे ते त्यांच्या बाजूला आजच दुसरा माणूस उभा करण्याचं. प्रत्येक कॉलेजात पाच-सहा वर्षांपूर्वी खेळून गेलेलं, गावातच राहणारं, कुठे दुकान कुठे शेती सांभाळणारं एखादं पोरगं असतं, जे अजून संध्याकाळी मैदानावर येऊन नव्या पोरांना पकड शिकवतं, फुकट. त्याला महिन्याला काही ठरावीक मानधन द्या, सहायक म्हणा, सरांबरोबर स्पर्धेला पाठवा. संस्थेच्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा खर्च ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे परवडत नाही असं पटवून देणं कठीण जाईल. आणि बदलीचा आदेश काढताना मोसम पाहा. विद्यापीठाच्या स्पर्धा सुरू असताना क्रीडा संचालकाची बदली म्हणजे चढाईवर गेलेल्या पोराला मागून शिट्टी वाजवून परत बोलावणं.

एक गोष्ट आम्हा मागच्या खुर्चीवाल्यांविषयीही, म्हणजे पत्र एकतर्फी वाटायला नको. सर चांगले असले की आम्ही त्यांना देव करतो, आणि काही सरांनाही ते आवडतं. संघ म्हणजे आपली मालमत्ता, सहायक म्हणजे गडी, आणि आपल्याशिवाय इथे काही हलणार नाही, असं वागणारेही आहेत. त्यांना दुसरा माणूस शेजारी नको असतो. अशा ठिकाणी संस्थेने सहायक नेमला तर पहिली कुरकुर सरांचीच होईल आणि दुसरी आमची. तरी नेमा.

शेवटचं, आणि सगळ्यात साधं. कॉलेजचा संघ स्पर्धेच्या वेळी तयार होत नाही, उन्हाळ्यात होतो. परीक्षा संपल्या की एप्रिल-मेच्या कॅम्पमध्ये दम वाढतो, नव्या पोरांची पारख होते, जूनमध्ये प्रवेश घेताना कोणाला आपल्याकडे आणायचं ते ठरतं. आणि तासिकावाल्या, मानधनावरच्या सरांची नेमणूक नेमकी त्याच वेळी संपलेली असते. नवा आदेश कधी जुलैत, कधी ऑगस्टमध्ये निघतो. मधले महिने ते बिनपगारी कॅम्प घेतात, किंवा घेत नाहीत आणि दुसरं काम शोधतात. तेव्हा पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचा ठराव यंदा मार्चच्या बैठकीत घ्या आणि आदेशाची प्रत एप्रिल उजाडण्याआधी त्यांच्या हातात द्या. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांचं मानधन संस्थेच्या निधीतून. विषयपत्रिकेवर तो विषय सगळ्यात शेवटी, 'आयत्या वेळच्या विषयांत' टाकलात तरी चालेल. फक्त त्या दिवशी बैठक कोरमअभावी तहकूब होऊ देऊ नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मागच्या खुर्चीवरचा एक माजी विद्यार्थी,
अहिल्यानगर